समासातली पेन्सिल : ‘ड्रॅगन’ मासिकाचे जुने अंक वाचताना

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी ऊन चढायच्या आत पोचलं, तर पुस्तकांचे ढीग अजून कोणी उपसलेले नसतात. नळाच्या तोट्या, मनगटी घड्याळांचे पट्टे, बंद पडलेले मिक्सर यांच्या रांगेत ताडपत्रीवर इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं आणि गेल्या कित्येक वर्षांचे दिवाळी अंक पडलेले असतात. त्यांच्याखाली कधी कधी कोणाच्या तरी बॅगेतून परदेशाहून आलेलं काहीतरी सापडतं. तिथे मला ‘ड्रॅगन’ या अमेरिकी मासिकाचा ८८वा अंक मिळाला, ऑगस्ट १९८४चा. पाठीला कसर लागलेली, पानं चहाच्या रंगाची झालेली. विकणाऱ्या काकांनी चित्रं बघून लहान मुलांचं पुस्तक समजून वीस रुपये सांगितले. मी लगेच काढून दिले.

घरी येऊन पानं उलटताना एका लेखाशेजारच्या समासात पेन्सिलीने केलेली बारीक बेरीज दिसली. पाच, दोन, सहा, चार. खाली रेघ. सतरा. आणि सतराच्या पुढे उद्गारचिन्ह.

मी हा खेळ गेली नऊ वर्षं खेळतेय, त्यामुळे त्या बेरजेचा अर्थ लगेच लागला. कोणीतरी चाळीस फुटांवरून खाली पडलं होतं. सतरा गुणांचा मार बसला होता. टेबलाभोवती बसलेल्यांना तो क्षण इतका महत्त्वाचा वाटला होता की हातात होतं त्याच मासिकावर त्यांनी तो मांडून ठेवला. चार आकड्यांवरून एवढं सगळं कसं कळतं, हे सांगायचं तर आधी खेळ समजावून सांगावा लागेल. आणि खेळ समजला की हेही कळेल, की त्याच्या जुन्या मासिकांना मी निव्वळ आठवणींचा ठेवा का मानत नाही. हा खेळ एका माणसाने लिहून संपवलेला नाही. तो वर्षानुवर्षं मासिकाच्या पानांवर, वाचकांच्या हातून लिहिला गेला. जुने अंक म्हणजे त्या लिहिण्याची कच्ची वही आहे.

या प्रकाराला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. पुण्यातली खेळणारी मुलं-मुली सरसकट ‘डी अँड डी’ म्हणतात, कारण ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा बाजारात आलेला पहिला खेळ. नवख्याला वाटतं पट असेल, सोंगट्या असतील, शेवटी कोणीतरी जिंकेल. पट नसला तरी चालतं, आणि जिंकत कोणीच नाही. ओळख करून देताना मला कोकणातला दशावतार आठवतो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरलेलं असतं, कोणी कुठलं सोंग घ्यायचं ते ठरलेलं असतं, पण बोलणं नटाने उभ्या उभ्या रचायचं. समोरचा काय बोलेल हे त्यालाही ठाऊक नसतं. आता यात दोन बदल करा. आख्यानाचा शेवट कोणालाच माहीत नाही असं समजा. आणि एखाद्या पात्राने अवघड काही करायचं म्हटलं, तर ते साधलं की फसलं हे नटाने न ठरवता फाशाने ठरवावं. एवढं केलं की हा खेळ झाला.

टेबलाच्या एका टोकाला सूत्रधार बसतो. त्याला डन्जन मास्टर, म्हणजे डीएम म्हणतात. सभोवतालचं जग तो सांगतो, पहारेकरी, राक्षस, म्हाताऱ्या आज्या, सगळ्यांच्या वतीने तोच बोलतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. आम्ही शनिवारी संध्याकाळी कोथरूडला मावशीच्या गच्चीवर जमतो. सध्या डीएम माझी मामेबहीण आहे, आणि तिने आख्यान सिंहगडावर आणलंय. मागच्या महिन्यातला एक तुकडा जसाच्या तसा देते.

“अंधारी रात्र आहे. तुम्ही तानाजी कड्याच्या तळाशी आहात. वर एक मशाल हलताना दिसतेय.”

“ताई, दोर आहे ना आपल्याकडे?”

“दोर आहे. वर बांधायला कोणी नाही.”

“मग मी हातांनी चढते. माझं पात्र लहानपणापासून कड्यांवरची मधाची पोळी काढतंय.”

“चालेल. त्याचे तीन वरचे धर. वीसचा टाक, एकूण बारा तरी यायला हवेत.”

‘वीसचा’ म्हणजे वीस बाजूंचा फासा. याच्या प्रत्येक आकड्याला सारखी संधी, पाच टक्के. बारा किंवा त्याहून जास्त पाहिजे असेल, तर बारापासून वीसपर्यंतच्या नऊ बाजू चालतात, म्हणजे पंचेचाळीस टक्के. पण मध काढणाऱ्या मुलीला तीन वरचे मिळाले, म्हणून तिला फाशावर नऊ आले तरी भागतं. आता बारा बाजू चालतात, म्हणजे साठ टक्के. पात्राचं सगळं आयुष्य, तिची पोळी, तिचे खरचटलेले गुडघे, या तीन आकड्यात बसवलंय. खेळाचे नियम म्हणतात ते हेच: माणसाची गोष्ट आणि शक्यतेचं गणित यांना जोडणारा सांधा.

फासे वेगवेगळ्या बाजूंचे का असतात, हेही इथेच सांगते. पात्र तयार करताना ताकद, चपळाई, बुद्धी असे गुण ठरवायचे असतात. त्यासाठी जुन्या पद्धतीत नेहमीचे सहा बाजूंचे तीन फासे एकदम टाकून बेरीज घ्यायची. तीन फासे २१६ प्रकारांनी पडू शकतात. त्यातल्या एकाच प्रकाराने अठरा येतात, तिन्हींवर सहा. दहा मात्र २७ प्रकारांनी येतात, अकराही २७ प्रकारांनी. म्हणजे बहुतेक माणसं मध्यम निघतात आणि भीम क्वचित, अगदी गावात असतं तसं. एका वीसच्या फाशाने हे साधलं नसतं, कारण त्यावर अठराही दहाइतकेच सहज येतात. माणूस घडवायला तीन फासे आणि त्याचं नशीब आजमावायला एक, ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. नववीच्या मुलांना संभाव्यता शिकवताना मला दरवेळी वाटतं की फळ्याऐवजी हे फासेच बाकावर ओतावेत.

राहिला मार. प्रत्येक पात्राला काही ‘हिट पॉइंट्स’ असतात, घाव सोसायची शिल्लक म्हणा. तलवार लागली, दगड पडला, कड्यावरून घसरलं की फासे टाकायचे आणि येईल तेवढं शिल्लकेतून वजा करायचं. जुन्या नियमांत शून्य झालं की पात्र गेलं. ही कल्पना आणि चिलखताला दर्जा देण्याची कल्पना, दोन्ही या खेळाच्या दोन रचनाकारांपैकी एक, डेव्ह आर्नेसन यांनी जहाजांच्या लढाईच्या खेळातून उचलल्या. पोलादी जहाज एका गोळ्याने बुडत नाही, ते हळूहळू खचतं. माणसालाही तसंच खचू द्यावं म्हणजे खेळणाऱ्याला पळून जायचा, शरण जायचा, मदत मागायचा अवधी मिळतो. गोष्टीला जागा मिळते ती त्या अवधीतच.

आता मासिकाकडे येते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून निघाला. कंपनीचं नाव टीएसआर. पहिल्या खेपेला हजार खोकी. खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर. त्या पुस्तिका आज वाचल्या तर धक्का बसतो, कारण निम्मा खेळ त्यात नाहीच. लढाई कशी करायची तर १९७१ साली निघालेल्या दुसऱ्याच एका युद्धखेळाचं पुस्तक बघा. रानावनातून प्रवास करायचा तर तिसऱ्याच कंपनीच्या एका खेळाचा पट आणा. आपल्याकडे जुन्या पाककृतींच्या पुस्तकात लिहिलेलं असतं ना, ‘नेहमीप्रमाणे फोडणी करून घ्यावी’, तसंच. जिच्या आईच्या घरी फोडणी रोज होते तिला त्यात काही अडत नाही. पण ज्याने आयुष्यात कढई बघितली नाही, त्याने काय करावं? लेक जिनिव्हाच्या आसपास युद्धखेळ खेळणाऱ्या मंडळींना नेहमीची फोडणी माहीत होती. खोकी मात्र लांबलांबच्या गावांत, कॉलेजच्या वसतिगृहांत पोचली, आणि तिथून प्रश्न येऊ लागले.

उत्तरं द्यायला कंपनीने १९७५च्या वसंतात एक छोटं नियतकालिक सुरू केलं, ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’. त्याच्या दुसऱ्याच अंकात सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या शंकांना उत्तरं आहेत. आणि त्याच अंकात मला फार आवडलेली एक गोष्ट घडते. रानात वाट काढणारा, माग काढणारा ‘रेंजर’ हा पात्राचा प्रकार त्यात पहिल्यांदा येतो. तो लिहिलाय जो फिशर नावाच्या खेळणाऱ्याने. मायाजाल पसरणारा ‘इल्युजनिस्ट’ पीटर अ‍ॅरॉन्सन यांच्याकडून आला, चौथ्या अंकात. गाणारा-सांगणारा ‘बार्ड’, आपल्या शाहिराचा तिकडचा भाऊ, फेब्रुवारी १९७६च्या सहाव्या अंकात डग श्वेगमन यांनी दिला. आज कोथरूडच्या गच्चीवर कोणी नवीन मुलगा “मी रेंजर घेतो” म्हणतो, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वी मासिकाला आलेल्या एका लेखाचं तो बोट धरत असतो.

सात अंकांनंतर ते छोटं नियतकालिक थांबलं आणि जून १९७६मध्ये ‘द ड्रॅगन’चा पहिला अंक निघाला. संपादक टिम कास्क. पुढे नावातला ‘द’ गळाला. वाचकांशी देवाणघेवाण मात्र वाढतच गेली, आणि ती एकट्या अमेरिकेतच नव्हती. ब्रिटनमध्ये १९७७ साली इयन लिव्हिंगस्टन यांनी ‘व्हाइट ड्वार्फ’ सुरू केलं. त्यात वाचकांनी रचलेले राक्षस छापणारं ‘फीन्ड फॅक्टरी’ नावाचं सदर होतं. १९७९ साली चार्ल्स स्ट्रॉस नावाच्या एका शाळकरी मुलाने त्यात ‘गिथयांकी’ नावाची एक कडवी योद्ध्यांची जमात पाठवली. १९८१ साली टीएसआरने त्या सदरातले बरेच प्राणी घेऊन एक जाडजूड पुस्तक काढलं आणि मुखपृष्ठावर त्या मुलाचा गिथयांकी बसवला. स्ट्रॉस पुढे विज्ञानकथालेखक म्हणून नावारूपाला आले.

कॅनडात ग्रंथालयात काम करणारे एड ग्रीनवुड लहानपणापासून मनात एक जग रचत होते, हा खेळ जन्मायच्याही आधीपासून. १९७९च्या ऑक्टोबरमध्ये, ३०व्या अंकात, त्यांचं पहिलं लिखाण ‘ड्रॅगन’मध्ये आलं. मग जादूच्या पोथ्यांबद्दल, जादूगारांबद्दल ते लिहीत राहिले, आणि दरवेळी त्या लेखांतून त्यांच्या जगाची एखादी खिडकी किलकिली व्हायची. वाचकांना ते जग हवंहवंसं झालं. १९८७ साली कंपनीने ते ‘फरगॉटन रेल्म्स’ या नावाने प्रसिद्ध केलं.

२०२३ साली आलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा कॉम्प्युटर गेम पुण्यातल्या कितीतरी हॉस्टेलांत रात्र-रात्र खेळला गेला. त्यात मेंदू खाणारे, तोंडाला शुंडा असलेले ‘माइंड फ्लेअर’ आहेत. ते ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’च्या पहिल्या अंकातले, गायगॅक्स यांनी रचलेले. त्यांचे हाडवैरी गिथयांकी त्या शाळकरी मुलाचे. आणि हे सगळं घडतं ती भूमी ग्रीनवुड यांची. आज कोट्यवधींचा धंदा करणाऱ्या त्या खेळाची मुळं अशी स्वस्त कागदावरच्या तीन ठिकाणी आहेत, आणि त्यातली दोन कंपनीबाहेरच्या हौशी माणसांची आहेत.

आपल्या वाचकाला सगळ्यात जास्त गंमत वाटेल ती ‘राक्षसा’ची. हा शब्द जसाच्या तसा या खेळात आहे, आणि त्याचा पहिला छापील अवतार डिसेंबर १९७५च्या ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’त, पाचव्या अंकात आहे. १९७७च्या राक्षसकोशात डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी त्याचं चित्र काढलं: वाघाचं डोकं, अंगात भारी झगा, आणि निवांतपणे पाइप ओढतोय. त्याला मारायचा उपाय म्हणजे धर्मगुरूने मंत्रलेला आडव्या धनुष्याचा बाण. आपल्याकडे असं कुठे आहे, म्हणून मी बरंच शोधलं. पुराणांत नाही. पण तो अंक निघायच्या बरोबर वर्षभर आधी, डिसेंबर १९७४मध्ये, अमेरिकी टीव्हीवरच्या एका भयमालिकेतला राक्षस असाच मंत्रलेल्या बाणाने मेला होता. बाण तिथून आला असणार.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला रागच आला. हिडिंबेच्या लेकाला, घटोत्कचाला, आपण शूर म्हणून मान देतो, आणि यांनी वाघाचं डोकं लावून मोकळं व्हावं? पुढे नीट वाचलं. तिकडचा राक्षस तुमच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन समोर येतो. हे मात्र आपलंच आहे. सोन्याचं हरीण होऊन आलेला मारीच, भिक्षेकरी होऊन दारात उभा राहिलेला रावण. ऐकीव माहितीवर, हजारो मैलांवरून, त्यांना अर्धं बरोबर सापडलं होतं. उरलेलं अर्धं दुरुस्त करायचं काम आपलं, आणि हा खेळ ते करू देतो. मामेबहिणीच्या आख्यानातली राक्षसीण वाघमुखी नाही. ती कल्याण दरवाज्यापाशी ताक विकते.

जुन्या अंकांत सगळंच प्रेमाने वाचण्यासारखं आहे असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर १९७६च्या तिसऱ्या अंकात स्त्री-पात्रांसाठी वेगळे नियम सुचवणारा एक लेख आहे. पुरुष पात्राला व्यक्तिमत्त्वाची छाप मोजणारा जो गुण असतो, त्याच्या जागी बाईला ‘सौंदर्य’ हा गुण, आणि पुरुषांना भुलवण्याची खास ताकद. तो वाचताना माझ्या पोटात गोळा आला. ज्या टेबलावर कोणीही काहीही होऊ शकतं, तिथेही बाईची मापं आधी घेऊन ठेवलेली. पण त्याच मासिकाचा जुलै १९८०चा ३९वा अंक काढा. त्यात जीन वेल्स आणि किम मोहन यांचा लेख आहे. खेळणाऱ्या बायकांना टेबलावर काय वागणूक मिळते, त्यांची पात्रं नियमांनीच कमकुवत का करून ठेवली आहेत, हे त्यात सरळ विचारलंय. वेल्स टीएसआरमधल्या पहिल्या स्त्री-रचनाकार. चूक त्याच पानांवर छापून आली आणि तिला जाबही त्याच पानांवर विचारला गेला. म्हणून मला सुटा अंक वाचणं अपुरं वाटतं. तिसरा वाचलात तर एकोणचाळिसावाही वाचा.

याच जीन वेल्स यांनी नोव्हेंबर १९७९च्या ३१व्या अंकात ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ हे प्रश्नोत्तरांचं सदर सुरू केलं. पुढे ते कित्येक जणांनी चालवलं. नवख्याने जुन्या अंकात पहिल्यांदा काय वाचावं असं कोणी विचारलं, तर मी मुखपृष्ठकथा सोडून हेच सदर सांगते. नियमाचं पुस्तक तुम्हाला नियम काय आहे ते सांगतं. तो प्रत्यक्षात कुठे मोडला, कुठल्या टेबलावर कोण कोणाशी भांडलं, हे प्रश्नांतून कळतं. कायद्याचं पुस्तक आणि कोर्टातले निवाडे यांच्यात असतो तसा हा फरक आहे.

आणि आता ती पेन्सिलीची बेरीज.

१९७८च्या नियमपुस्तकात उंचावरून पडण्याचा हिशेब सोपा होता. दर दहा फुटांना सहाचा एक फासा, जास्तीत जास्त वीस फासे. तीस फुटांवरून पडलं तर तीन फासे टाका, बेरीज करा, शिल्लकेतून वजा करा. १९८३ साली ‘ड्रॅगन’मध्ये असं आलं की गायगॅक्स यांच्या मूळ मनात होतं ते वेगळंच. पहिल्या दहा फुटांना एक, दुसऱ्या दहाला दोन, तिसऱ्याला तीन, आणि हे सगळे एकत्र. या हिशेबाने वीस फुटांना तीन फासे, तीस फुटांना सहा, चाळीस फुटांना दहा. जुन्या नियमाने चाळीस फुटांवरून पडणाऱ्याला सरासरी चौदा गुणांचा मार बसायचा, नव्याने पस्तीस. नवशिकं पात्र जागच्या जागी मरावं एवढा.

वाचक खवळले नसते तरच नवल. माझ्या हातातल्या ८८व्या अंकात या एकाच विषयावर भौतिकशास्त्र मांडणारे लेख आहेत, आणि ते वाचताना मला कॉलेजातली मेकॅनिक्सची वही आठवली. एकाने पडताना वेग कसा वाढत जातो याचं गणित केलंय. स्टीव्हन विंटर यांनी त्याला उत्तर दिलंय ते वेग सोडून ऊर्जेचं बोट धरून.

मुद्दा साधा आहे. दहा फुटांवरून पडलेला माणूस जमिनीला टेकताना ताशी साधारण २८ किलोमीटर वेगाने येतो. चाळीस फुटांवरून पडला, तर उंची चौपट, पण वेग फक्त दुप्पट, सुमारे ५६. एवढ्यावर थांबलं तर वाटेल की मारही दुप्पटच असावा. पण आदळताना अंगाला जे सोसावं लागतं ते वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणजे उंची चौपट, ऊर्जाही चौपट, अगदी सरळ प्रमाण. तेव्हा दर दहा फुटांना एक फासा हा जुना, बाळबोध वाटणारा नियमच शास्त्राच्या जास्त जवळ निघतो. आमच्या गटातली हाडांची डॉक्टर हे ऐकून लगेच म्हणाली, “हाडं ऊर्जेच्या सरळ प्रमाणात मोडत नाहीत गं, कसं पडलं त्यावर सगळं आहे.” तिचं बरोबरच आहे. पण टेबलावर कोणालाही चटकन करता येईल असा हिशेब हवा असतो, आणि तो खोटाही वाटता कामा नये. त्या काळातले वाचक महिनोन्‌महिने पत्रं आणि लेख लिहून हाच मधला बिंदू शोधत होते.

आता समासाकडे परत बघा. पाच, दोन, सहा, चार. चारच फासे आहेत. नव्या नियमाने चार फासे कधी येऊच शकत नाहीत, तिथे एक, तीन, सहा, दहा असेच आकडे पडतात. तेव्हा ज्याने कोणी ही बेरीज केली, त्याच्या टेबलाने जुना नियम धरून ठेवला होता. लेख वाचून ठरवलं की आधीपासूनच तसं खेळत होते, ते कळायला मार्ग नाही. पण शेजारी छापलेल्या वादात त्या घरचा निकाल पेन्सिलीने लागलेला आहे, एवढं मात्र पक्कं.

या मासिकाचं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. १९९६च्या अखेरीस टीएसआर पैशांच्या अडचणीत सापडली, छपाई थांबली आणि जवळजवळ सहा महिने ‘ड्रॅगन’ निघालंच नाही. १९९७मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने कंपनी विकत घेतल्यावर ते पुन्हा सुरू झालं. कागदावरचा शेवटचा अंक ३५९वा, सप्टेंबर २००७. पुढे ते फक्त डिजिटल स्वरूपात २०१३पर्यंत चाललं. वाचकांची पत्रं, शंका, वाद तोवर इंटरनेटवर गेले होते. तिथे उत्तर पाच मिनिटांत मिळतं आणि पाच दिवसांत वाहून जातं. छापील अंकात प्रश्न एका महिन्यात, उत्तर तिसऱ्या महिन्यात, त्यावरचं भांडण पाचव्या महिन्यात. मधल्या काळात प्रत्येक घर आपापल्या परीने तोड काढायचं, आणि त्यातल्या चांगल्या तोडी पुन्हा पत्रातून मासिकात यायच्या. उशीर होता म्हणूनच एवढी विविधता टिकली, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं मला समजलं ते एका जुन्या अंकावरून नव्हे. १९९९ साली पहिले २५० अंक आणि ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’चे सातही अंक सीडींवर आले होते. आमच्या गटातल्या एकाच्या काकांनी तो संच तेव्हा अमेरिकेहून आणला, आणि तो इतकी वर्षं औंधमधल्या त्यांच्या माळ्यावर होता. सीडी चालवणारा कॉम्प्युटर मिळवायलाच आम्हाला दोन शनिवार लागले. तुम्हाला असे अंक कुठे मिळाले तर एक सांगते. प्रश्नोत्तरं झाली की वाचकांची पत्रं वाचा, मग मागच्या पानांवरच्या बारीक जाहिराती: फासे, शिशाच्या बाहुल्या, पोस्टाने खेळायचे खेळ. कुठल्या गावात कधी मेळावा आहे त्याची यादीही बघा. त्या यादीतून कळतं की शेजारच्या गावात आपल्यासारखं कोणी आहे का, हे शोधायला तेव्हा माणसाला किती धडपडावं लागायचं. २०१६ साली पुण्यात चार खेळणारे जमवायला मला आठ महिने लागले होते, म्हणून ती यादी मी ओळ न् ओळ वाचली.

परवाच्या शनिवारी मध काढणारी मुलगी पुन्हा कड्यावर चढली. वीसच्या फाशावर चार आले, तीन वरचे धरून सात. बारा हवे होते. बहिणीने मशाल खाली वाकल्याचं सांगितलं, मग दगड सुटल्याचं, मग विचारलं, “तीस फूट. कुठला नियम धरायचा?” अंक मधोमध उघडा होता. डॉक्टर सोडून सगळे जुन्याच्या बाजूचे. तीन फासे पडले: पाच, पाच, एक. मुलीकडे चौदा शिल्लक होते, आता तीन उरले. ती करवंदीच्या जाळीत पडून आहे आणि वर पहारेकऱ्याने कुत्रं सोडलंय.

बहिणीने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि सतराच्या खाली, थोडी जागा सोडून, अकरा लिहिले.